पाण्याच्या वाटेने दिल्ली

मेहरौलीहून बदरपूरकडे जाणारा रस्ता तुघलकाबादच्या किल्ल्याखालून जातो. एका अंगाला किल्ल्याचे आत कललेले, टेकडीचाच भाग वाटावेत असे तट. दुसऱ्या अंगाला लाल दगडाची आणि संगमरवरी घुमटाची गियासुद्दीन तुघलकाची कबर, तीही स्वतःच्या पाचकोनी कोटात बसलेली. या दोहोंना जोडणारा कमानींचा एक दगडी सेतू आहे आणि आजचा रस्ता त्याला छेदून जातो. ट्रक-बसच्या गर्दीतून वाट काढत कबरीकडे जाणाऱ्याला सेतू दिसतो, पण कोरड्या जमिनीवर इतक्या कमानी उभारायचे कारण दिसत नाही. कारण होते पाणी. पावसाळी पाणी बांध घालून इथे अडवले होते, कबर त्या तळ्यातल्या बेटावर होती आणि किल्ल्याचा दक्षिण तट पाण्यात पाय टाकून उभा होता. आजची वाहने त्या तळ्याच्या तळावरून धावतात. किल्ला १३२१ ते १३२५ या काळात बांधला, तो तुघलक वंशाच्या पहिल्या सुलतानाने, हे सगळे पर्यटकाला सांगितले जाते. तळे मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि तळ्यावाचून ही संपूर्ण रचना म्हणजे उत्तर पुसून टाकलेले गणित होते.

दिल्लीचे अवशेष घराण्यांच्या क्रमाने पाहायची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. आधी तोमर, मग चौहान, मग गुलाम, खिलजी, तुघलक, सय्यद, लोदी, मोगल. शाळेच्या पुस्तकातली ही यादी घेऊन आपण कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि लाल किल्ला करतो, सात दिल्ल्यांची नावे ऐकतो आणि परत फिरतो. ही यादी खोटी नाही, पण तिच्यातून एकाही शहराचे ‘इथेच का’ आणि ‘मग पुढे काय झाले’ कळत नाही. दिल्लीचे अवशेष पाण्याच्या वाटेने, म्हणजे अरवलीच्या माथ्यावरून यमुनेच्या काठापर्यंत उतरत पाहिले, तर ही शहरे एकमेकांशी बोलू लागतात. कोण कुठे वसला, काय बांधून वसला आणि ते बांधलेले कशाने निकामी झाले, याचा एक सलग धागा हाती लागतो. हा धागा दिल्लीपुरता नाही, हे ताडून पाहायला एजियन समुद्राचा किनारा फार उपयोगी पडतो.

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे इफिसस हे प्राचीन भूमध्य जगातले एक मोठे बंदर होते. आज तिथला प्रवासी नाट्यगृहापासून निघणाऱ्या रुंद, फरसबंद, दोन्ही बाजूंना खांबांचे बुंधे असलेल्या रस्त्याने पश्चिमेकडे पाहतो, तेव्हा रस्ता संपतो तिथे समुद्र नसतो, गवताळ दलदल असते. समुद्र पाच-सहा किलोमीटर पलीकडे गेला आहे. क्युचुक मेंदेरेस नदीने आणलेल्या गाळाने बंदर भरत गेले. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने इफिससच्या पाण्याच्या दोन गोष्टी नोंदवल्या आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाकस याला शहर नव्या जागी हलवायचे होते, लोक हलेनात. तेव्हा त्याने मोठ्या पावसाची वाट पाहिली आणि गटारे बुजवून टाकली. शहर पाण्याखाली गेले आणि लोक मुकाट्याने नव्या जागी गेले. दुसरी गोष्ट त्यानंतरची. पर्गमॉनच्या राजाने बंदराचे तोंड अरुंद करणारा धक्का बांधायला लावला, म्हणजे आत पाणी खोल राहील. झाले उलटे. भरतीओहोटीबरोबर बाहेर वाहून जाणारा गाळ आतच अडकला आणि बंदर आणखी उथळ झाले.

इफिससच्या दक्षिणेला मिलेटस आहे. तिथली कथा याहून टोकाची आहे. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये लादे बेटाजवळ इराणी आरमाराने आयोनियन ग्रीकांच्या गलबतांचा पराभव केला. ते लादे आज शेतांच्या सपाटीत उभी असलेली एक टेकडी आहे, आणि ज्या खाडीत ती गलबते भिडली तिचा उरलेला तुकडा बाफा नावाचे सरोवर होऊन आत अडकला आहे. ब्युयुक मेंदेरेस नदीने मधला समुद्र बुजवला. डोंगरउतारावरची झाडे तुटली, नांगर चढला, तशी माती सुटली आणि नदीतून बंदरात आली. आता या किनाऱ्यावरचे उलट उदाहरण घ्या. क्निडोस हे शहर एका लांबट द्वीपकल्पाच्या टोकाला आहे, तिथे कुठली मोठी नदी उतरत नाही. त्याच्या प्राचीन बंदरात आजही नावा नांगर टाकतात. आणि इझमीर, म्हणजे जुने स्मर्ना, आजही गजबजलेले बंदर आहे, कारण त्याच्या आखातात गाळ ओतणारी गेदिझ नदी १८८६ मध्ये मुद्दाम खोदून उत्तरेकडे वळवली गेली. एकाच किनाऱ्यावरची ही शहरे शेजारी शेजारी ठेवली की देवळांच्या खांबांपेक्षा नदीचा गाळ अधिक काही सांगतो. तिथल्या अभ्यासकांनी प्राचीन किनाऱ्याची रेषा शोधून नकाशावर आणली, आणि इफिससचा कुठलाही बरा वाटाड्या ‘इथे समुद्र होता’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बोलतो. दिल्लीत हे वाक्य ऐकू येत नाही, ही माझी तक्रार आहे.

दिल्लीची भूमी समजायला फार खोलात जावे लागत नाही. अरवलीची शेवटची शाखा दक्षिणेकडून शहरात शिरते आणि उत्तरेला वजिराबादजवळ यमुनेला टेकते. ही टेकडी आणि नदी यांच्यामधल्या तिकोनात जवळजवळ सगळ्या जुन्या दिल्ल्या आहेत. टेकडी कठीण गारगोटी दगडाची. तिच्यात विहीर खोदणे जिकिरीचे, पण तिच्यावर पडलेले पाणी झपाट्याने उतरते. पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुन्या शेतकऱ्यांनी या जमिनीचे चार प्रकार केले होते: कोही म्हणजे डोंगराळ, बांगर म्हणजे पुराच्या वरची, खादर म्हणजे नदीकाठची आणि डाबर म्हणजे पाणी साचणारी सखल. ही चार नावे डोक्यात ठेवली की दिल्लीचा अर्धा इतिहास उलगडतो. टेकडीवर राहणाऱ्याला शत्रूपासून सुरक्षितता मिळते, पण आठ महिन्यांचे पाणी चार महिन्यांत साठवावे लागते. नदीकाठी राहणाऱ्याला पाणी दाराशी मिळते, पण पूर आणि शत्रू हे दोघेही दाराशी येतात.

म्हणून दिल्ली पाहायला सुरुवात करायची ती दिल्लीच्या हद्दीबाहेर, हरियाणातल्या फरिदाबाद जिल्ह्यात. अरवलीच्या घळीत अनंगपूर गावाजवळ दगडी बांध आहे, तो तोमर राजा अनंगपालाच्या नावाने ओळखला जातो. जवळच सूरजकुंड आहे. हे नाव आज हस्तकलेच्या जत्रेमुळे सर्वांना माहीत आहे, पण जत्रेला जाणाऱ्या लाखोंपैकी किती जण कुंडापर्यंत जातात, कोण जाणे. दहाव्या शतकातले मानले जाणारे हे कुंड अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्यांचे आहे. पायऱ्या अशा वळत उतरतात की एजियन किनाऱ्यावरचे ग्रीक नाट्यगृह पाहिलेल्या माणसाला ती ओळख लगेच पटावी. फरक इतकाच, की तिथे पायऱ्यांवर माणसे बसत आणि तळाशी नाटक होई; इथे पायऱ्या स्वतः पाण्यासाठी आहेत, पाणी उतरेल तसे खाली खाली जाण्यासाठी. आज कुंड बहुधा कोरडेच असते. भोवतालच्या अरवलीत दगड-वाळूच्या खाणींनी डोंगर पोखरला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुढे २००९ मध्ये या पट्ट्यातल्या खाणींवर बंदी घातली, तोवर पाण्याच्या जुन्या वाटा तुटून गेल्या होत्या. हजार वर्षे टिकलेली पायरी जागेवर आहे. तिच्यापर्यंत पाणी आणणारा उतार मात्र आपल्या पिढ्यांनी मोडला.

तिथून मेहरौलीला यावे. अनंगपालाच्या लालकोटाजवळचे अनंगताल २०२२ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित झाले. कुतुबमिनाराच्या गर्दीपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. दक्षिणेला सुलतान इल्तुतमिशाने १२३० च्या सुमारास बांधलेला हौज-ए-शमसी. हौजाची जागा पैगंबरांनी स्वप्नात दाखवली, त्यांच्या घोड्याची टाप तिथे उमटली, अशी श्रद्धा आहे. शंभरेक वर्षांनी दिल्लीत काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतुताने या हौजाचे वर्णन केले आहे: पावसाचे पाणी, शहराचे पिण्याचे पाणी, मधोमध दगडी मंडप, आणि कडेचे पाणी आटले की तिथे ऊस, काकड्या, खरबुजे लावणारे लोक. काठावरच्या काकडीपर्यंत पोचणारी ही नजर राजवंशांच्या यादीत कधी सापडायची नाही.

पुढचा टप्पा अलाउद्दीन खिलजीचा. सिरीच्या नव्या शहरासाठी त्याने जो प्रचंड तलाव खोदवला तो हौज-ए-अलाई, आजचा हौज खास. फिरोजशाह तुघलक १३५१ मध्ये गादीवर आला तेव्हा या तलावाची काय दशा होती, हे त्याने स्वतःच्या ‘फुतूहात’मध्ये लिहून ठेवले आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तलाव गाळाने भरला होता. लोक त्याच्या तळात शेती करत होते, विहिरी खोदून त्यांचे पाणी विकत होते. शमसी हौजाला पाणी आणणारे ओहळ काहींनी बुजवून टाकले होते. सुलतानाने त्यांना शिक्षा केली आणि ओहळ मोकळे केले. अलाई हौज उपसून काढला, त्याच्या काठावर मदरसा बांधला, आणि १३८८ मध्ये मेल्यावर त्याच मदरशाच्या कोपऱ्यावर तो पुरला गेला. हौज खासच्या उपाहारगृहांच्या गच्च्यांवरून हा मदरसा सुंदर दिसतो. पण तो एका उपसलेल्या तलावाचा काठ आहे, आणि तलाव बांधल्यापासून पन्नास-साठ वर्षांत भरून गेला होता, हे कळल्यावरच मदरशाच्या सज्जांना अर्थ येतो. टंचाई, अतिक्रमण, पाण्याची विक्री, ओहळ बुजवणे: चौदाव्या शतकातली ही तक्रार आज कुठल्याही महापालिकेच्या सभेत जशीच्या तशी वाचून दाखवता येईल.

या सगळ्यात एकच वास्तू जवळून पाहायची असेल तर ती सातपुला. साकेतच्या मॉलपासून जवळ, खिडकी गावाच्या बाजूला ती आहे. महंमद तुघलकाने जुन्या दिल्ल्यांना जोडणारी जहाँपनाह नावाची तटबंदी बांधली, तिच्यातच हा बांध बसवला. तट आणि धरण एकच, हीच त्यातली खुबी. मुख्य सात कमानी, बाजूला आणखी लहान कमानी, दोन्ही टोकांना अष्टकोनी बुरूज, आणि कमानींच्या दगडात उभ्या खाचा. या खाचांत फळ्या सरकवून पाण्याची पातळी ठरवली जाई. पावसाळ्यात फळ्या खाली सोडायच्या, पाणी तुंबवायचे. शेतीला लागेल तसे सोडायचे. आणि शत्रू आला तर हाच तट. चिराग दिल्लीचे सूफी नसिरुद्दीन यांनी इथल्या पाण्याने वजू केली म्हणून ते पाणी रोग बरे करते, अशी समजूत पुढे कित्येक शतके टिकली. आज सातपुलाखालून जो प्रवाह जातो तो चिराग दिल्लीचा नाला होऊन पुढे बारापुल्याच्या नाल्याला मिळतो. बारापुला हा जहांगीरच्या काळातला कमानींचा पूल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी त्या नाल्यावर उड्डाणरस्ता बांधला आणि त्याला पुलाचे नाव दिले. रोज लाखो लोक ‘बारापुला’ म्हणतात ते रस्त्याला. खाली वाहते ते मैलापाणी तुघलकांनी अडवलेल्या ओढ्याचेच आजचे रूप आहे.

नदीकडचा उतार फिरोजशाहाच्याच काळात पक्का झाला. १३५४ मध्ये त्याने यमुनेच्या काठावर फिरोजाबाद वसवले आणि अशोकाचा स्तंभ टोपऱ्याहून नावेने यमुनेतून आणून आपल्या कोटल्यावर उभा केला. पश्चिम यमुना कालव्याची सुरुवातही त्याचीच. पुढे हुमायून आणि शेरशाहाचा पुराना किल्ला, १५४६ मध्ये नदीतल्या बेटावर बांधलेला सलीमगड, यमुनेला पाठ लावून बसलेली हुमायूनची कबर, आणि १६४८ मध्ये पुरा झालेला लाल किल्ला, ज्याच्या पूर्व तटाखालून नदी वाहत असे. शाहजहानने नदीवर भागवले नाही. फिरोजशाहाचा बुजलेला कालवा दुरुस्त करून अली मर्दान खानाने तो शहरात आणला आणि चांदणी चौकाच्या मधोमध पाणी खेळवले. अठराव्या शतकात साम्राज्य खिळखिळे झाले तसा कालवा कोरडा पडला; इंग्रजांनी १८२० च्या सुमारास तो पुन्हा वाहता केला. आज दिल्लीला पिण्याचे पाणी देणारा मुनक कालवा याच पश्चिम यमुना कालव्यातून निघतो. जून २०२४ मध्ये पाण्यासाठी दिल्ली आणि हरियाणा भांडत होते ते एका अर्थी फिरोजशाहाच्या वारशावरून.

मराठी वाचकाला हा धागा परका वाटायचे कारण नाही. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दिल्लीला धडक दिली तेव्हा मराठी फौजेचा तळ तालकटोऱ्याच्या परिसरात होता, म्हणजे टेकडीच्या पायथ्याच्या पाणवठ्यापाशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथल्याच स्टेडियममध्ये भरले आणि त्या तळाची आठवण पुष्कळदा निघाली. पाण्याची कुणी काढली नाही. घोडदळाला आधी पाणी लागते, मग शत्रू. तळ तिथे का पडला हे यातूनच उमगते. १७६० चे उदाहरण तर जिव्हारी लागणारे आहे. ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. अब्दाली पूर्वेच्या काठावर होता. मध्ये पावसाळ्याची दुथडी यमुना. दोन्ही फौजा आठवडेच्या आठवडे एकमेकांसमोर बसल्या त्या या पाण्यामुळे. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्याला गेले आणि महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली. मराठ्यांचा दिल्लीशी आणि दक्षिणेशी असलेला रस्ता तुटला आणि पुढे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत झाले. लाल किल्ल्याच्या पूर्व तटाशी उभे राहून आज खाली वर्तुळ रस्त्यावरची वाहने पाहणाऱ्या माणसाला हे कसे समजावे? तिथे नदी होती, ती एवढी होती की दोन सैन्ये थोपवून धरी, हे सांगितल्याशिवाय पानिपतही अर्धेच कळते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की राजधान्या पाण्याने हलल्या नाहीत, राजांच्या लहरीने हलल्या. तुघलकाबाद पुरे होऊन दोन-चार वर्षांत सोडले गेले. तेवढ्यात तळे थोडेच बुजले? महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला नेली ती दक्षिण ताब्यात ठेवायला. सिरी उभी राहिली ती मंगोलांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने. फत्तेपूर सिक्री पाण्यावाचून ओस पडली असे गाइड सांगतात, पण १५८५ मध्ये अकबर लाहोरला गेला तो वायव्य सरहद्दीच्या राजकारणासाठी, असे अनेक इतिहासकार मानतात. हे सगळे मला मान्य आहे. शहर कधी सोडायचे हे बहुतेक वेळा दरबाराने ठरवले. पण सोडलेल्या शहराचे पुढे काय झाले, हे दरबाराच्या हाती नव्हते. मेहरौलीतून सुलतान गेले तरी शमसी हौजाच्या आधाराने मेहरौली आजतागायत नांदती राहिली. तिथे ‘फूलवालों की सैर’ ही जत्रा भरत आली आहे. तुघलकाबादचे तळे बांधाच्या निगराणीवर जगत होते. राजसत्ता उठली, निगराणी संपली, आणि किल्ला पुन्हा राजधानी म्हणून भरला नाही. एजियन किनाराही हीच दुरुस्ती सुचवतो. क्निडोसचे बंदर बुजले नाही, तरी शहर ओस पडलेच. नुसते पाणी शहराला तारत नाही. मात्र पाणी गेल्यावर सत्तेलाही शहर तारता येत नाही, हे इफिससच्या धक्क्याने दाखवले.

दुसरा आक्षेप पुराना किल्ला पुढे करतो. तिथल्या उत्खननांत मौर्य काळापासून मोगलांपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले आहेत, आणि तो तर नदीकाठ. शिवाय तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कैकुबादाने किलोखडीला यमुनेकाठीच राजधानी नेली होती. मग ‘डोंगरावरून नदीकडे’ हा उतार कुठे राहिला? उतार सरळ रेषेत नाही, हे खरेच. माणसे नदीकाठी आधीपासून होती. टेकडीवर चढणे हा मध्ययुगातला लष्करी निर्णय होता. नेमक्या त्या निर्णयाची किंमत म्हणून बांध, हौज आणि बावल्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, बांधाव्या लागल्या. म्हणजे अपवाद पुढे आणला की मूळ मुद्दा मोडत नाही, अधिक नेमका होतो. इथे देवगिरीचीही आठवण ठेवावी. डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी हत्ती तलावासारखा विस्तीर्ण तलाव लागतो, याचे महाराष्ट्रातल्या कुणाला नवल वाटणार नाही. रायगडाचा गंगासागर आणि सिंहगडाचे देवटाके पाहून मोठे झालेले आपण गडावर गेल्यावर आधी टाके शोधतो. तीच नजर दिल्लीत आल्यावर का मिटावी, हे मला कळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाकडे दोन दिवस असतात. त्यांनी अनंगपूरच्या घळीत आणि खिडकी गावाच्या नाल्यावर जायचे का? जायला हरकत नाही, मेट्रो मालवीयनगरपर्यंत जाते. पण न गेले तरी चालेल. जी तीन ठिकाणे सगळे पाहतात तीही पाण्याचीच आहेत. कुतुबपाशी असाल तर मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात राजों की बावली पाहावी. १५०६ च्या सुमाराची ही चारमजली बावली पाणी खाली जाईल तशी माणसाला खाली नेते. हुमायूनच्या कबरीतल्या बागेचे पाट पाहताना पूर्वेच्या भिंतीपाशी जावे आणि पलीकडे नदी होती हे ध्यानात घ्यावे; शेजारी निजामुद्दीनची बावली आजही पाण्याने भरलेली आहे. आणि लाल किल्ल्यात पूर्वेची बाजू टाळू नये. नदी तिथून गेली आहे, पण कायमची नाही. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा विक्रम मोडला, आणि पाणी वर्तुळ रस्ता ओलांडून किल्ल्याच्या तटाला लागले. वर्तमानपत्रांनी ते संकटाचे चित्र म्हणून छापले, ते होतेही; पण शाहजहानच्या वास्तुकारांनी तो तट ज्या पाण्यासाठी बांधला, ते पाणी त्या दिवशी आपल्या जुन्या जागी होते.

या पाहण्याचा संबंध जपण्याशीही आहे, आणि तिथे आपला कायदा तोकडा पडतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. मिनार, कबर, मशीद यांच्यासाठी हे वर्तुळ ठीक आहे. हौजाला आणि बांधाला ते लागू पडत नाही, कारण त्यांचा जीव त्या वर्तुळाबाहेर, किलोमीटरभर लांबच्या उतारात असतो. सूरजकुंडाच्या शंभर मीटरांत एक वीटही न रचता ते कुंड कोरडे पडू शकते, आणि पडले. हौज खासमध्ये तलाव पुन्हा भरला तो प्रक्रिया केलेले सांडपाणी आणून; चांगलेच काम, पण मूळ हौजाचा थोडा भागच त्याने पाण्याखाली आला आणि त्याला पाणी देणारे ओहळ परत आले नाहीत. पाणलोट हाच स्मारकाचा भाग मानायचा, अशी तरतूद हवी. यावर शहराची वाढ थांबेल असे म्हटले जाते. वाढीने काय केले ते गुरुग्राममध्ये दिसले आहे. अरवलीचे पाणी अडवणारे घाटा, झाडसा यांसारखे बांध आणि त्यांची तळी नव्या वसाहतींनी गिळली. २८ जुलै २०१६ च्या पावसात बादशाहपूरचा नाला फुगला आणि महामार्गावर माणसे रात्रभर गाड्यांत अडकली. २८ जून २०२४ रोजी दिल्लीत चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच महिन्यात टँकरमागे रांगा होत्या. हा पाऊस अडवायची जागा सातपुल्याच्या पाठीमागे आजही सखल पडून आहे. तिथला नाला आधी स्वच्छ करावा लागेल, आणि त्यासाठी तो ओढा होता हे पुरातत्त्व खात्याने, जलमंडळाने आणि विकास प्राधिकरणाने एकाच कागदावर लिहावे लागेल.